पुठ्ठा सरकवणे: इशारा एक, हेतू दोन

१६५८ साली अँटवर्पमध्ये परागंदा राहणाऱ्या एका इंग्रज सरदाराने घोडा वर्तुळात फिरवण्याची आपली पद्धत छापली. डोके आत, पुठ्ठा (घोड्याचा मागचा भाग) बाहेर. (आपल्याकडच्या ‘कावा’ या जुन्या गोल फेरीतही घोडा वर्तुळातच फिरे, पण तिथे पुठ्ठ्याला वेगळी वाट नसते.) खांदे मोकळे झाले, पण वजन पुढच्या पायांवर आले. १७३३ मध्ये पॅरिसच्या एका अश्वशिक्षकाने तोच धडा भिंतीलगत सरळ रेषेत आणला: खांदे आत, आतला मागचा पाय पोटाखाली. हाच शोल्डर-इन. पुढे १८४२ मध्ये दुसऱ्या एका फ्रेंच शिक्षकाने उभ्या घोड्याचा पुठ्ठा खांद्यांभोवती फिरवून त्याचा अडेलपणा मोडण्यावर भर दिला. फ्रेंच घोडदळाने त्याची पद्धत वापरून पाहिली आणि काही वर्षांतच सोडली.

पुठ्ठा सरकवण्याबद्दलचा आजचा घोळ मात्र ‘डिसएंगेज’ या शब्दाने घातला आहे. तो अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या शिक्षकांकडून आला आणि १९८० नंतर जगभर पसरला. ड्रेसाजवाले (घोड्याच्या शास्त्रोक्त चाली शिकवणारे) ‘एंगेज’ म्हणतात तेव्हा मागचा पाय पोटाखाली येऊन वजन उचलतो. ‘डिसएंगेज’मध्ये आतला मागचा पाय बाहेरच्या पायासमोरून आडवा जातो, त्यामुळे घोड्याला सरळ पुढे रेटा देता येत नाही. म्हणजे एकाला ताकद गोळा करायची आहे, दुसऱ्याला ती काढून घ्यायची आहे, आणि स्वाराचा पाय दोन्हीकडे जवळपास त्याच जागी! बिथरलेल्या घोड्याला आवरायला दुसरे उपयोगी आहे, यात शंका नाही. पण तोच रोजचा व्यायाम केला, तर घोडा पायाचा स्पर्श होताच पुठ्ठा फेकून सुटका करून घ्यायला शिकतो. उभ्या घोड्याचे साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असते. या सवयीने ते आणखी पुढे जाते.

लेग-यील्डवरचा, म्हणजे पायाच्या दाबाने घोड्याला तिरके बाजूला सरकवण्यावरचा, आक्षेपही याच जातीचा आहे. त्यात घोडा जवळपास सरळ राहतो, मान किंचित सरकण्याच्या उलट दिशेला. आंतरराष्ट्रीय नियमांत त्याला जागा आहे. फ्रेंच वळणाचे लोक म्हणतात, थेट शोल्डर-इनच शिकवा. नवख्या घोड्याला लेग-यील्ड सोपा जातो हे खरे, पण महिनोन्‌महिने तिथेच रेंगाळण्यात अर्थ नाही.

पहिला धडा उभ्या घोड्यावरच द्यावा. भिंतीपासून दोन मीटर आत थांबावे. आतला डोळा जेमतेम दिसेल इतकीच मान वळवावी. स्वाराने आपला आतला पाय तंगाच्या (जिनाच्या पोटपट्ट्याच्या) वीतभर मागे लावावा, घोड्याचा मागचा खूर उचलला जाताच दाब सोडावा. एक पाऊल, मग थांबा. चार-पाच पावलांत पाव वळसा झाला की पुरे. आतला लगाम जास्त ओढला की मान वाकते, बाहेरचा खांदा निसटतो आणि पुठ्ठा जागचा हलत नाही. इथे बाहेरचा लगाम धरावा. घोडा मागे सरकला तर हात सैल करून आधी एक पाऊल पुढे न्यावे. दाब सोडलाच नाही तर काही दिवसांत त्याला पाय कळेनासा होतो, मग स्वार टाचेत काटा लावतो.

एका लगामाने घोडा थांबवण्याची युक्ती याच पुठ्ठा सरकवण्यावर उभी आहे. ती आधी साध्या चालीवर, मग दुडक्या चालीवर पक्की झालेली हवी. भरधाव घोड्याचे डोके एकदम स्वाराच्या गुडघ्याकडे खेचले, तर पाय एकमेकांत अडकून तो कोसळू शकतो.