शर्यतीच्या व्हिडिओ गेमचे पार्श्वसंगीत

गाड्यांच्या शर्यतीच्या व्हिडिओ गेममध्ये खेळ चालू असताना इंजिनच्या आवाजासोबत वाजत राहणाऱ्या संगीताची रचना. चित्रपटाच्या पार्श्वसंगीतापेक्षा हे काम मुळातच निराळे आहे. चित्रपटातला प्रसंग किती सेकंदांचा, हे संगीतकाराला आधीच माहीत असते. शर्यतीत ते खेळणाऱ्यावर अवलंबून असते. कोणी फेरी दीड मिनिटात पुरी करतो, कोणी दोनदा कठड्याला धडकून तीन मिनिटे लावतो. आणि दोघांनाही धून आपल्याबरोबरच पळते आहे असे वाटायला हवे.

खान्देशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, वरातीत वाजवणाऱ्यांना ही अडचण चांगली ठाऊक आहे. वरात कधी पुढे सरकणार हे बँडवाल्याच्या हाती नसते. नाचणारे रंगात आले की तो तेच कडवे फिरवत राहतो, मांडव जवळ आला की लय चढवतो आणि नवरदेव घोड्यावरून उतरला की असेल त्या ओळीवरून समेवर येऊन थांबतो. गेमच्या संगीतकारालाही हेच साधायचे असते, पण खेळ चालू असताना तो तिथे हजर नसतो. कुठे फिरवायचे, कुठे चढवायचे, कुठे थांबायचे हे सगळे त्याला आधीच ठरवून द्यावे लागते.

सेगा कंपनीच्या ‘आउट रन’ (१९८६) या आर्केड गेमने या प्रकाराला वळण दिले. हिरोशी कावागुची यांनी त्यासाठी केलेल्या धुनांपैकी तीन गाडीच्या रेडिओवर होत्या आणि निघण्यापूर्वी खेळणारा त्यांतली एक निवडत असे. त्या काळच्या यंत्रांत बहुतेक संगीत ध्वनिमुद्रित नसे. कोणता सूर केव्हा वाजवायचा याची टिपणे असत आणि चिप ती जागेवर वाजवी. त्यामुळे लय बदलणे सोपे होते. ‘सुपर मारिओ कार्ट’मध्ये (१९९२) शेवटच्या फेरीला धून जलद होते, ती याच सोयीमुळे. पुढे सीडी आली. ‘वाइपआउट’साठी (१९९५) टिम राइट यांनी केलेले इलेक्ट्रॉनिक संगीत डिस्कवरून पूर्ण ध्वनिमुद्रित स्वरूपात वाजू लागले. नाद कितीतरी भरदार झाला, पण धून गोठली. खेळात काहीही घडो, ती आपली ठरल्याप्रमाणे वाजणार. गेलेली लवचीकता थरांच्या पद्धतीने परत मिळाली: ठेका, बास, मुख्य धून असे वेगवेगळे मुद्रण एकाच वेळी चालू ठेवायचे आणि वेग किंवा क्रमांक पाहून त्यांतले हवे ते ऐकू येऊ द्यायचे. एफमॉड आणि वाइज ही सॉफ्टवेअर या कामासाठी वापरली जातात.

लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा संगीताचा तुकडा, सांधा न कळता जुळवणे ही पहिली कसोटी. १२८ बीपीएमच्या (मिनिटाला १२८ ठोके) लयीत चार-चार ठोक्यांची सोळा आवर्तने बरोबर तीस सेकंदांत बसतात. तीस सेकंदांचा तुकडा दोन मिनिटांच्या फेरीत चार वेळा येतो आणि कानाला तो लगेच ओळखू येतो, म्हणून चौसष्ट आवर्तनांपर्यंत रचना लांबवणे बरे. शेवटच्या झांजेचा घुमारा कापला गेला तर सांधा कळतो. तो घुमारा पुढच्या फेऱ्याच्या सुरुवातीवर पसरू द्यावा लागतो. एमपी३ फाइल करताना सुरुवातीला बारीक शांतता घुसते आणि दर फेऱ्याला ठेका अडखळतो, त्यामुळे लूपसाठी वेव्ह किंवा ऑग फाइल ठेवतात.

खरा झगडा इंजिनशी असतो. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या (इंजिनच्या फिरत्या दांड्याच्या) प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात. म्हणजे ३,००० आरपीएमला (मिनिटाला ३,००० फेरे) सेकंदाला १०० आणि ६,००० ला २००. या स्फोटांच्या गतीवरच इंजिनचा सूर ठरतो, आणि बास गिटार आणि ढोलाचे वजन साधारण याच पट्ट्यात असते. शिवाय इंजिनचा सूर सतत सरकत असल्याने त्याच्याशी काहीही सुरात लावता येत नाही. लांब धरलेला खर्ज इथे चिखल करतो. तुटक, ठसठशीत आघात टिकतात. या दृष्टीने खान्देशातल्या लग्नकार्यांत सनईबरोबर वाजणारे संबळ फार कामाचे वाद्य आहे. त्याच्या जोडीतल्या लहान भांड्यावरचा काठीचा कडकडीत ठोका इंजिनच्या पट्ट्याच्या कितीतरी वर असतो आणि आवाज न वाढवताही आरपार ऐकू येतो. मोठ्या भांड्याचा घुमार मात्र इंजिनमध्ये बुडतो. तो थर गाडी हवेत असताना किंवा शर्यत सुरू होण्यापूर्वीच्या क्षणांसाठी राखून ठेवावा.

खान्देशचा रस्ता गेममध्ये घ्यायचा झाला तर संगीताला दोन स्वभाव लागतील. धुळे-जळगाव महामार्गावर कपाशीच्या शेतांमधून सरळ धावताना एकसलग ठेका शोभतो, कारण तिथे हाताला काम कमी आणि वेगाची नशा जास्त. चाळीसगावहून कन्नडकडे चढणारा औट्रम घाट किंवा तोरणमाळचा घाट यांत उलटे: वळणागणिक ब्रेक लागतो, टायर किंचाळतात, लक्ष कानापेक्षा डोळ्यांत असते. तिथे मुख्य धून काढून घ्यावी आणि नुसता ठेका ठेवावा. घाटात भरगच्च वाद्यमेळ वाजवणे ही या प्रकारातली नेहमीची चूक आहे.

अहिराणी गाणी घेण्याचा मोह साहजिक आहे. तिथे निवड जपून करावी. लूपमध्ये शब्द पुन्हा पुन्हा आले की सुरापेक्षा लवकर शिळे होतात. श्रावणात कानबाईच्या उत्सवात बाया म्हणतात ती गाणी तर इथे आणूच नयेत. गाडी आपटून शर्यत पुन्हा सुरू केली की धून मध्येच तुटते आणि बहुधा पहिल्यापासून सुरू होते. देवीसमोर म्हटलेल्या गाण्याची अशी मोडतोड म्हणणाऱ्यांना लागेल. लग्नातल्या नाचाच्या चाली, तेही शब्द वगळून, या तोडफोडीत सहज तग धरतात. चाल हयात गायक-वादकाची असेल तर त्याची परवानगी, मोबदला आणि श्रेयनामावलीत नाव या तिन्ही गोष्टी आधीच लेखी ठरवाव्यात.

शेवटची तपासणी मोबाइलच्या स्पीकरवर करतात. स्टुडिओत छाती हलवणारा खर्ज तिथे जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून बासला वरच्या पट्ट्यातला थोडा खरखरीत रंग देतात. मूळ खर्ज वाजला नाही तरी त्या रंगावरून कान तो भरून काढतो. हे इंजिनचा आवाज चालू ठेवूनच ऐकावे. नुसती धून ऐकून केलेले मिक्सिंग गेममध्ये हमखास बिघडते.