पॅरा-सायमीन

पॅरा-सायमीन हा एक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन आहे (म्हणजे फक्त कार्बन-हायड्रोजनचा, बेंझिनची सहा कार्बनची रिंग असलेला पदार्थ), रेणूत कार्बनचे १० आणि हायड्रोजनचे १४ अणू, रेणुभार १३४.२२. बेंझिनच्या रिंगवर एका बाजूला मिथाइल ग्रुप (एक कार्बनचा), बरोब्बर त्याच्या समोर आयसोप्रोपाइल (तीन कार्बनचा). रंगहीन लिक्विड, पाण्यात जवळपास विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये छान विरघळतं, साधारण १७७ अंश सेल्सिअसला उकळतं. वास थोडा लिंबाकडे झुकणारा, थोडा टर्पेंटाइनचा.

एवढ्याच अणूंचे बेंझिन रिंगवाले एकूण २२ आयसोमर (तेच अणू, जोडणी वेगळी) होतात, त्यातले सायमीन तीन: ऑर्थो, मेटा आणि पॅरा, फरक फक्त दोन ग्रुप रिंगवर एकमेकांपासून किती लांब बसलेत एवढाच. कारखान्यात टोल्युइन आणि प्रोपिलीनपासून सायमीन बनवलं की तिघांचं मिश्रण हातात येतं, आणि तिघंही १७५ ते १७८ अंशांच्या मध्येच उकळतात, म्हणजे नुसत्या डिस्टिलेशनने वेगळे करताना पार दमछाक होते. झाडं मात्र जवळपास फक्त पॅराच बनवतात. मला या रेणूची सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते.

कारण असं की झाड सायमीन बनवताना बेंझिनला ग्रुप जोडत बसत नाही. ते जेरॅनिल डायफॉस्फेट नावाच्या १० कार्बनच्या साखळीपासून सुरुवात करतं, एन्झाइम त्या साखळीची रिंग करतं आणि त्या रिंगमध्ये मिथाइल आणि आयसोप्रोपाइल आधीपासूनच समोरासमोर असतात (संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीनचा सांगाडाही हाच). त्यातून गॅमा-टर्पिनीन तयार होतं, त्याचे दोन हायड्रोजन गेले की झालं पॅरा-सायमीन. ओव्याला वास देणारं थायमॉल सायमीनमधूनच बनतं असं बरीच वर्षं मानत होते, पण पुदिन्याच्या कुळातल्या झाडांवर २०२१ साली आलेल्या कामात सायमीन हा त्या वाटेवरचा बायप्रॉडक्ट निघाला.

१८४१ मध्ये गेरहार्ट आणि काउर या फ्रेंच केमिस्टनी जिऱ्याच्या तेलातून सायमीन वेगळं केलं. थाइम, कलौंजी, निलगिरी यांच्या तेलातही ते सापडतं, पण मुंबईकराने ते शोधायचं तर ओव्यात शोधावं. मशीद बंदरच्या मसाल्याच्या गल्लीतून घेतलेला ओवा तळहातावर चोळला की जो झणका येतो तो मुख्यतः थायमॉलचा, पण त्या तेलात पॅरा-सायमीन आणि गॅमा-टर्पिनीनही भरपूर असतं. हे तेल थंड करून ठेवलं की थायमॉलचे पांढरे खडे खाली बसतात, काष्ठौषधीच्या दुकानात ओव्याचं फूल म्हणून मिळतं आणि अमृतधारेत भीमसेनी कापराबरोबर घालतात ते हेच, आणि खडे काढून घेतल्यावर वर जे पातळ तेल उरतं त्यात सायमीन असतं.

गॅलरीतल्या कुंडीत लावतो ती ओव्याची पानं, पावसात ज्यांची भजी करतात ती, ओव्याच्या झाडाची नाहीतच. ओवा धने-जिऱ्याच्या कुळातला आणि ते जाड, लवदार पान तुळस-पुदिन्याच्या कुळातलं. तरी पान चुरगाळलं की ओव्याचाच वास, कारण कार्व्हाक्रॉल (थायमॉलचाच आयसोमर), थायमॉल, गॅमा-टर्पिनीन, पॅरा-सायमीन ही मंडळी तिथेही आहेत. दोन लांबच्या कुळांनी एकच केमिस्ट्री पकडली.

सल्फाइट पद्धतीने कागदाचा लगदा करतानाही सायमीन बाजूला निघतं. इंडस्ट्रीत त्याच्यापासून क्रेसॉल नावाचं रसायन बनवतात, आणि लॅबमध्ये रुथेनियम धातूच्या कॅटॅलिस्टमध्ये (रिअ‍ॅक्शन वेगाने घडवणाऱ्या पदार्थात) ते धातूला धरून बसतं.

तेल विकत घेणाऱ्याने एक लक्षात ठेवावं: लिंबाचं किंवा टी-ट्रीचं तेल जुनं झालं, हवा-उजेड लागला की त्यातले टर्पीन (लिमोनीन, गॅमा-टर्पिनीन यांच्यासारखे रेणू) हळूहळू ऑक्सिडाइज होतात आणि पॅरा-सायमीन वाढत जातं, ताजेपणा जाऊन वास टर्पेंटाइनकडे सरकतो. म्हणून टी-ट्री तेलाच्या स्टँडर्डमध्ये सायमीनवर वरची मर्यादा घातलेली असते. बाटली गडद काचेची, तोंडापर्यंत भरलेली आणि घट्ट झाकणाची हवी, आणि मुंबईच्या मे महिन्यात तर ती फ्रिजमध्येच ठेवावी.