गाडीखाली डाग दिसला तर इंजिन धुऊ नका, तशीच आणा

‘बॉनेटखाली कुठेतरी लीकेज आहे, जरा बघा’ म्हणून आमच्या गॅरेजवर येणाऱ्या बऱ्याच गाड्या येतानाच धुऊन-पुसून आलेल्या असतात. मेकॅनिकच्या पुढ्यात तेलकट इंजिन कसे उघडायचे, म्हणून मालक वाटेतल्या वॉशिंग सेंटरवर प्रेशरचे पाणी मारून, वर पॉलिश लावून गाडी आणतात. त्यामागचा संकोच आम्हाला कळतो. पण गळती शोधताना हीच एक गोष्ट तुमचा आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ खाते. एका फेरीच्या कामाला तीन फेऱ्या होतात, आणि मग ‘अजून सापडले नाही का?’ असे फोन सुरू होतात. म्हणून हे पत्रक छापले आहे. सवडीने एकदा वाचा.

तेल सुटते एका जागी आणि टपकते दुसऱ्याच जागी. ते वरून निघते, इंजिनाच्या अंगावरून ओघळते, गाडी धावताना समोरच्या वाऱ्याने मागे ढकलले जाते आणि खालचा जो बोल्ट किंवा कडा सापडेल तिथून जमिनीवर पडते. गळती आहे एवढेच जमिनीवरच्या डागावरून कळते. कुठे आहे, ते शोधायला आम्हाला खालून वर जावे लागते. ओला माग धरायचा आणि त्यातली सगळ्यात उंच, सगळ्यात पुढची ओली जागा गाठायची, ही आमची पद्धत. मागच धुऊन टाकला तर धरायचे काय?

चुकीचा अंदाज किती महागात पडतो ते सांगतो. टॅपेट कव्हरचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, गॅस्केट (सांध्यातली पट्टी) मागच्या बाजूने गळायला लागले की तेल इंजिनाच्या पाठीवरून उतरते आणि इंजिन व गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात नेमके तिथून टपकते. खालून बघणाऱ्याला वाटते, क्रँकचे मागचे ऑइल सील गेले. ते सील बदलायचे तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. टॅपेट कव्हरचे गॅस्केट बहुतेक गाड्यांत तास-दोन तासांत बदलून होते. आमच्याकडे अशा गाड्या आल्या आहेत, ज्यांचा गिअरबॉक्स आधी कुठेतरी उतरवून झाला होता आणि डाग मात्र तसाच पडत होता.

आपली लाल माती या कामात मोठी मदत करते. चिरेखाणींची, रस्त्यांची, खाणपट्ट्यातली धूळ बॉनेटखाली सगळीकडे जाते. कोरड्या जागी ती नुसती बसते, फडके फिरवले की निघते. तेलकट जागी मात्र ती भिजून पेंडीसारखी थापली जाते. आणि जिथून रोज ताजे तेल पाझरते, त्या अगदी तोंडाशी माती टिकत नाही. तिथे बोटभर रेघ काळी, ओली, चकचकीत राहते. टॉर्च मारला की लाल पेंडीतली ती रेघ लगेच डोळ्यांत भरते. वर्षभराची घाण म्हणून तुम्ही जे धुऊन टाकता, त्यावरून आम्हाला पाच-दहा मिनिटांत उत्तर मिळाले असते.

पावसाळ्याआधी गंज लागू नये म्हणून खालून ऑइल मारून घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे. गंजासाठी ते ठीक. पण गळतीची शंका असताना ते मारले, तर पुढचे कित्येक दिवस गाडीच्या पोटातून सगळीकडूनच तेल टपकत राहते. त्यात इंजिनाचे कोणते आणि फवारलेले कोणते, हे कुणालाच सांगता येत नाही.

डिचोलीकडचे आमचे एक जुने ग्राहक असेच चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी आले होते. इंजिन धुतलेले, खालून ऑइल मारलेले, आणि दोन दिवसांनी सगळ्यांना घेऊन गावी जायचे होते. पहिल्या दिवशी काहीच कळले नाही. आम्ही सगळे पुसून काढले आणि गाडी चालवायला परत दिली. दुसऱ्या खेपेला फवारलेले तेलच पुन्हा खाली आले. चवथ झाल्यावर तिसऱ्यांदा गाडी रॅम्पवर चढवली तेव्हा ऑइल प्रेशर स्विचच्या प्लास्टिकच्या आणि धातूच्या सांध्यात मोहरीएवढा थेंब दिसला. पुसला, इंजिन चालू ठेवले. चहा संपेपर्यंत तिथेच तेवढाच थेंब पुन्हा धरला. स्विच बदलायला अर्धा तासही लागला नाही, पण शोधण्यात आठवडा गेला आणि घरचे सगळे चवथीला बसने गेले. त्या गोष्टीचे आम्हाला अजून वाईट वाटते.

प्रेशरच्या पाण्याचा दुसराही त्रास आहे. कनेक्टरमध्ये, अल्टरनेटरमध्ये, पेट्रोल गाडीत प्लगच्या खळग्यात पाणी शिरते आणि गाडी मिसिंग करायला लागते. मग गळतीसाठी आलेली गाडी आधी दुसऱ्याच दुखण्यासाठी उघडावी लागते.

आमच्याकडे येण्यापूर्वी घरी एक काम मात्र जरूर करा. फ्रिजच्या किंवा टीव्हीच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा रात्री इंजिनाखाली सरकवा आणि पुढची चाके कुठे येतात ते त्यावर पेनाने आखा. सकाळी त्याचा दिवसाच्या उजेडात फोटो काढा, शक्य असेल तर पुठ्ठाच घेऊन या. फरशीवर किंवा चिऱ्यावर रंग कळत नाही, पुठ्ठ्यावर कळतो. तेल तपकिरी-काळे, बोटाला बुळबुळीत. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे रेडिएटरमधले पाणी, हिरवे, गुलाबी, नारिंगी किंवा निळे असते आणि त्याला गोडसर वास येतो. ते वाळले की सांध्यावर पांढरट किंवा रंगीत पापुद्रा धरतो. ते विषारी आहे आणि चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरे चाटतात, त्यामुळे सांडले असेल तर लगेच भरपूर पाणी टाकून जमीन धुऊन घ्या. (जमीन धुवा, इंजिन नको.) लाल, पातळ तेल बहुधा ऑटोमॅटिक गिअरचे किंवा पॉवर स्टिअरिंगचे. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत स्टिअरिंग इलेक्ट्रिक असते, त्यांना ते तेलच नसते.

आणि नुसते स्वच्छ, बिनवासाचे पाणी असेल तर घाबरू नका. आपल्याकडच्या दमट हवेत एसी चालला की पाणी पडणारच, उन्हाळ्यात तर थारोळे साचते. बहुतेक गाड्यांत ते डाव्या बाजूच्या सीटच्या पुढे खाली पडते. हे पाणी बाहेर पडायचे थांबले आणि आतली मॅट ओली व्हायला लागली, तर मात्र आणा. निचऱ्याची नळी तुंबलेली असते, साफ करून देतो.

कूलंटच्या गळतीबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. ‘रात्रभर गाडी उभी होती, एक थेंब नाही, आणि बाटली मात्र रिकामी,’ असे लोक म्हणतात. रेडिएटरची टोपी साधारण १ बार दाब धरते, म्हणून आतले पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. हा दाब इंजिन तापल्यावरच येतो. अनमोडचा किंवा चोर्ल्याचा घाट चढताना पाईपाची बारीक चीर उघडते, पडलेले पाणी गरम इंजिनावर वाळून जाते आणि घरी पोहोचून गाडी थंड झाली की चीर मिटते. म्हणून आम्ही थंड गाडीला टोपीच्या जागी हातपंप लावतो, टोपीवर छापलेल्या आकड्याइतकाच दाब देतो आणि काटा बघत थांबतो. काटा उतरला तर गळती आहेच. होजच्या क्लिपा, वॉटर पंपाखालचे बारीक भोक, रेडिएटरच्या प्लॅस्टिकची कडा, या जागा आम्ही आधी बघतो. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेले पाईपही बरेच मिळतात, विशेषतः कुळागराजवळ (सुपारीच्या बागेजवळ) उभ्या राहणाऱ्या गाड्यांत. बाहेर कुठेच ओल नसेल तर हेड गॅस्केटची (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, जिथे बसतो त्या सांध्यातल्या पट्टीची) शंका घ्यावी लागते. त्याची तपासणी वेगळी असते, ती आमच्याकडे होते. तेलाच्या झाकणाखाली थोडी पांढरी साय दिसली म्हणून लगेच हेड गेले असे समजू नका. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत पावसाळ्यात ती नुसत्या दमटपणानेही धरते.

वाटेत कुणी रेडिएटरमध्ये हळद टाकायला सांगतो, कुणी लीक बंद करायची पूड देतो. अडचणीत घरी पोहोचण्यापुरते ते चालून जाते, पण नंतर तोच गाळ रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. तुम्ही टाकले असेल तर सांगा, आम्ही रागावणार नाही. तसेच वाटेत विहिरीचे किंवा बाटलीतले पाणी घातले असेल, तेल वर टाकले असेल, तर किती आणि कधी ते सांगा. डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये बहुतेक छोट्या गाड्यांत साधारण एक लिटर तेल असते. किती दिवसांत किती उतरले, यावरून आम्हाला अर्धे कळते. तापलेल्या रेडिएटरची टोपी मात्र कुणीही सांगितले तरी उघडू नका. हात-तोंड भाजलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

‘शेवटी नुसता एक वायसर बदललात, मग तपासणीचे पैसे कसले?’ हा प्रश्न आम्हाला नेहमी ऐकावा लागतो. ड्रेन प्लगचा वायसर, जुनी रिंग तशीच राहून वर दुसरी बसलेला ऑइल फिल्टर, सैल क्लिप, अशा गळत्या बऱ्याच असतात आणि त्यांचे सामान स्वस्तच असते. पण तोच वायसर आहे हे ठरवायला आम्ही आधी फोटो काढतो, मग हाताने, ब्रशने जागा साफ करतो, पावडर शिंपडतो, दहा-पंधरा किलोमीटर गाडी फिरवून आणतो आणि पुन्हा रॅम्पवर चढवतो. पांढऱ्या पावडरीवर ताज्या तेलाची रेघ उमटते. तेवढ्यानेही सापडले नाही तर तेलात चमकणारा रंग घालून यूव्ही टॉर्चने बघतो. या सगळ्याला अर्धा दिवस जातो. घाईत अंदाजाने सील बदलून देणे आम्हाला जमत नाही, आणि तुमच्या पैशांनी अंदाज करायचा आम्हाला अधिकारही नाही. काम आमच्याकडेच केले तर तपासणीचे पैसे बिलातून वजा होतात. गळकी जागा आणि बदललेले सामान तुम्हाला दाखवल्याशिवाय गाडी देत नाही. गळती बंद झाल्यावर इंजिन आम्हीच साफ करून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

गाडी शक्यतो सकाळी आणा आणि आदल्या संध्याकाळी पुठ्ठा घालायला विसरू नका. लांबून येणार असाल तर गाडी थंड व्हायला दोन-तीन तास द्यावे लागतील, तशी सवड काढून या. मे महिन्यात पावसाआधीच्या कामांची गर्दी असते, चवथीच्या आधीच्या आठवड्यात त्याहून जास्त, म्हणून त्या दिवसांत आधी फोन करा.

दोन गळत्यांना मात्र पुठ्ठाही नको आणि सकाळची वाटही नको. पेट्रोलचा वास येत असेल तर किल्ली फिरवू नका. ब्रेक ऑइलची पातळी उतरली असेल, चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसत असेल किंवा पेडल खोल जात असेल, तर गाडी हलवू नका. जिथे आहे तिथूनच आम्हाला फोन करा, आमचा माणूस येऊन गाडी बघेल.