बुरशीरोधक मलम

त्वचेवरील बुरशीचा संसर्ग बरा करण्यासाठी बाहेरून लावायचे औषध. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, किटोकोनाझोल, ल्युलिकोनाझोल आणि टर्बिनाफिन ही त्यातली नेहमीची द्रव्ये. बुरशीच्या पेशीभोवतीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा घटक असतो. ही औषधे तो तयार होऊ देत नाहीत, म्हणून बुरशीची वाढ थांबते. गजकर्ण किंवा नायटा, जांघेतली खाज, पाठीवरची शिबं आणि बुरशीमुळे होणाऱ्या पायाच्या चिखल्या यांवर ती वापरतात.

ठाणे आणि नवी मुंबई खाडीकाठी वसलेली असल्याने इथली हवा वर्षातला बराच काळ दमट असते. जून ते सप्टेंबरमध्ये तर कपडे घरातच दोरीवर वाळतात, आणि तेही अर्धवट. तुर्भ्याच्या बाजारात ओझी वाहणारे माथाडी, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत दिवसभर जाड बूट घालणारे कामगार, ओल्या जीन्समध्ये लोकलने ये-जा करणारे विद्यार्थी, या सगळ्यांची त्वचा तासन्‌तास ओलसर राहते. एकाच खोलीत टॉवेल सामाईक असला की लागण घरभर होते.

मलम लावण्यापूर्वी जागा धुऊन पूर्ण कोरडी करावी. चट्ट्याची कड हीच बुरशीची वाढती बाजू असते. म्हणून चट्ट्याबाहेर सुमारे २ सेंटीमीटरपर्यंत मलम लावतात. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. तेवढ्याच जागेवर दिवसातून दोनदा लावले तर १० ग्रॅमची ट्यूब १० दिवसांत संपते. नायट्याचा उपचार मात्र बहुधा दोन ते चार आठवडे चालतो. खाज थांबली, ट्यूबही संपली, म्हणून उपचार सोडून देणे हे आजार उलटण्याचे फार मोठे कारण. चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस मलम चालू ठेवावे लागते.

खरा घोळ मिश्र मलमांचा आहे. ‘खाजेची ट्यूब द्या’ एवढे सांगितल्यावर पुष्कळदा हातात पडते ते बुरशीरोधक, प्रतिजैविक आणि तीव्र स्टिरॉइड यांचे मिश्रण. स्टिरॉइडमुळे लाली आणि खाज दोन-तीन दिवसांत ओसरते, गिऱ्हाईक खूश होते. पण त्वचेची प्रतिकारशक्ती दबल्याने बुरशी पसरत राहते. चट्ट्याचा ओळखीचा गोल आकार बिघडतो आणि डॉक्टरांनाही निदान अवघड जाते. जांघेतली त्वचा मुळात पातळ; तिथे महिनोन्‌महिने असे मलम लावल्यास पडणारे पट्टे कायमचे राहतात. नावेही फसवी: क्लोट्रिमाझोल बुरशीरोधक, तर क्लोबेटासॉल तीव्र स्टिरॉइड. बीटामेथासोन आणि मोमेटासोन हीसुद्धा स्टिरॉइडेच. वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचण्याला म्हणूनच पर्याय नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमे शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी शेजाऱ्याने सुचवलेली ट्यूब मागून घेण्याची सवय मोडलेली नाही.

भारतात गेल्या काही वर्षांत नायटा चिवट झाला आहे. ट्रायकोफायटन इंडोटिनी या बुरशीच्या काही वाणांवर टर्बिनाफिनचा परिणाम होत नाही. जपानी संशोधकांनी २०२० मध्ये तिला स्वतंत्र जातीचे नाव दिले; त्यांनी अभ्यासलेले नमुने एका भारतीय व एका नेपाळी रुग्णाचे होते. त्यामुळे दोन आठवड्यांत फरक न पडल्यास ट्यूब बदलत बसण्यापेक्षा तपासणी करून घेणे शहाणपणाचे. त्वचेचा खरवडलेला कोंडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ही साधी चाचणी आहे. ठाणे महापालिकेच्या कळव्यातील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो.

डोक्यातला नायटा नुसत्या मलमाने बरा होत नाही, नखांतली बुरशीही सहसा दाद देत नाही. त्यांना बहुधा पोटातून गोळ्या लागतात. त्या यकृतावर परिणाम करू शकतात, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात. मधुमेही, गरोदर स्त्रिया आणि तान्ही मुले यांच्यासाठीही आधी डॉक्टरांना विचारावे. घरात आणखी कोणाला खाज असल्यास त्यांचाही उपचार सोबतच करतात, टॉवेल आणि आतले कपडे वेगळे ठेवतात. पावसाळ्यात ऊन नसले तर कपडे उलटे करून शिवणींवर गरम इस्त्री फिरवतात.