१४७५७३९५२५८९६७६४१२९२७ : सत्तावीस वर्षे हुलकावणी देणारे अवयव

बुद्धिबळाच्या पटावर दर घरात दाणे दुप्पट करत जाण्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्या पटाला ६४ ऐवजी ६७ घरे असती, तर दाण्यांची एकूण बेरीज नेमकी शीर्षकातल्या एकवीस अंकी संख्येइतकी झाली असती. २ चा ६७ वा घात वजा १, ही तिची खरी ओळख.

अशा संख्यांचे आकर्षण युक्लिडपासूनचे. ६ चे स्वतःखेरीज विभाजक १, २, ३ आणि त्यांची बेरीज पुन्हा ६. २८ चेही तसेच. या परिपूर्ण संख्या. २ च्या घातातून १ वजा केल्यावर मूळ संख्या आली, तर तिच्यापासून परिपूर्ण संख्या बनते, हे युक्लिडने दाखवले. त्यासाठी घातांक मूळ असावा लागतो, पण तेवढे पुरत नाही. ११ व्या घाताने २०४७ मिळते आणि ती २३ गुणिले ८९ निघते.

पॅरिसमधले धर्मगुरू मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या अशा यशस्वी घातांकांची यादी छापली. तीत ६७ होता. एवढ्या मोठ्या संख्या तपासण्याचे साधनच नसल्याने यादी दोन शतके जवळपास तशीच राहिली. ऑयलरने १७७२ मध्ये ३१ हा घातांक बरोबर ठरवला, तीच मोठी मजल होती.

१८७६ मध्ये फ्रान्सच्या एदुआर ल्युका यांनी ६७ ला यादीतून बाद केले. त्यांच्या कसोटीने ही संख्या मूळ नाही हे सिद्ध झाले, मात्र तिला भाग कशाने जातो हे कळले नाही. मला या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते: अवयव आहेत याची पक्की खात्री, आणि हाती एकही नाही!

शोधाला थोडी दिशा होती. या संख्येचा कोणताही मूळ अवयव १३४ च्या पटीत १ मिळवूनच येतो. तरी लहान अवयव गाठायला १३४ ची १४,४५,५८० वी पट लागते. एकेक भागाकार करत जाणे हाताने अशक्यप्राय. अमेरिकेच्या फ्रँक नेल्सन कोल यांनी वर्गशेषांच्या (वर्गसंख्यांना भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांच्या) साहाय्याने शक्यता छाटत नेल्या आणि ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत उत्तर मांडले: १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७. त्यांनी एक शब्दही न बोलता फळ्यावर गुणाकार करून दाखवला, असे पुढे गणितज्ञ एरिक टेंपल बेल यांनी लिहिले.

मर्सेन यांच्या यादीतला २५७ हाही चुकीचाच, आणि ६१, ८९, १०७ राहूनच गेले होते. २५७ व्या घाताची संख्या संयुक्त असल्याचे १९२० च्या दशकात कळले; तिचा पहिला अवयव मात्र १९७९ मध्ये संगणकाने शोधून काढला.