पेनड्राइव्हमधली जागा जाते कुठे, आणि डिलीट केलेली फाइल असते कुठे?

“फाइल्स जेमतेम शंभर एमबीच्या आहेत, मग पेनड्राइव्हवर सव्वा जीबी कसा भरला?” असं ग्राहक वरचेवर विचारतात. बहुतेकदा पेनड्राइव्ह बिघडलेला नसतो आणि व्हायरसही नसतो. जागा वाटून देण्याची पद्धतच तशी आहे.

फॉरमॅट करताना डिस्कवरच्या जागेचे सारख्या मापाचे तुकडे पाडले जातात. त्यांना क्लस्टर म्हणतात. एक क्लस्टर एकाच फाइलला मिळतो. त्यात उरलेली जागा दुसऱ्या फाइलला वापरता येत नाही. विंडोजमध्ये ६४ जीबीचा पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये (डिस्कवर फाइल्स मांडण्याची एक पद्धत) फॉरमॅट केला आणि माप बदललं नाही, तर क्लस्टर १२८ केबीचा होतो. त्यावर १० केबीच्या १०,००० फाइल्स टाकल्या, की प्रत्येकीला अख्खा क्लस्टर जातो आणि सव्वा जीबीच्या आसपास जागा संपते. एनटीएफएस या दुसऱ्या पद्धतीत क्लस्टर सहसा ४ केबीचा असतो. तिथे त्याच फाइल्स १२० एमबीच्या आत बसतात. फोल्डरवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलंत, तर ‘साइझ’ आणि ‘साइझ ऑन डिस्क’ हे दोन आकडे शेजारी दिसतील.

फोटो-व्हिडिओवाल्यांनी याची चिंता करू नये, मोठ्या फाइल्समध्ये हा फरक जाणवत नाही. बिलं, पावत्या अशा बारीक फाइल्स हजारोंनी असतील तर मात्र त्यांची एक झिप करून ठेवा.

लग्नाचा व्हिडिओ ‘फाइल टू लार्ज’ म्हणून अडला, तर पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केलेला आहे. त्यात फाइलचा आकार नोंदवायला ३२ बिटच असतात. म्हणून कितीही जागा रिकामी असली तरी ४ जीबीची फाइल त्यात मावत नाही. आधी डेटा दुसरीकडे कॉपी करा आणि मगच एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, डिलीट झालेल्या फाइलबद्दल. पेनड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल सहसा रिसायकल बिनमध्ये जात नाही. पण मजकूर लगेच पुसलाही जात नाही. फॅट३२ फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर बदलून ठेवतं आणि कोणत्या क्लस्टरनंतर कोणता, ही नोंद काढून टाकतं. एनटीएफएस फाइलची नोंद ‘वापरात नाही’ अशी करतं आणि तिचे क्लस्टर मोकळे झाल्याची खूण करतं. नवीन काही लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर तिथेच असतो. सलग क्लस्टरमध्ये असलेला फोटो बऱ्याचदा पूर्ण मिळतो. तुकड्यातुकड्यांत विखुरलेली मोठी फाइल फॅट३२वरून जोडणं फार अवघड जातं.

म्हणून फाइल चुकून गेली, तर पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड ताबडतोब काढून ठेवा. त्यावर एकही फोटो काढू नका. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवू नका, कारण ते नेमकं त्याच मोकळ्या क्लस्टरवर लिहिलं जाऊ शकतं. विंडोजने ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारलं तर नाही म्हणा. सी ड्राइव्हवरची फाइल असेल तर कॉम्प्युटर बंद करून तसाच आमच्याकडे आणा.

एसएसडीची, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये हार्डडिस्कऐवजी बसवतात त्या चिपवाल्या डिस्कची, गोष्ट वेगळी आहे. विंडोज ७पासून ट्रिम नावाची सोय आहे: फाइल डिलीट होताच तिची जागा आता नको, असं एसएसडीला कळवलं जातं आणि एसएसडी ती आतून साफ करून टाकते. त्यानंतर सहसा काहीच हाती लागत नाही. एसएसडी तपासून फाइल मिळण्याजोगी नसेल, तर आम्ही तसं स्पष्ट सांगतो आणि रिकव्हरीचं काम घेत नाही.