वाऱ्याचा अंदाज आणि पवनऊर्जा धोरण : कोकण किनारा

पवनचक्क्यांतून पुढच्या काही तासांत किती वीज मिळेल याचे आगाऊ गणित, आणि त्यावर बेतलेले वीजव्यवहाराचे नियम. भारतात पवनवीजेची सुरुवात १९८६ मध्ये रत्नागिरी, ओखा व तुतिकोरिनच्या किनाऱ्यांवर झाली. नंतर महाराष्ट्रातल्या पवनचक्क्या मुख्यतः वनकुसवडे, चाळकेवाडीसारख्या घाटमाथ्यावरच्या पठारांवर उभ्या राहिल्या. धोरणाचे लक्ष मात्र बराच काळ किती मेगावॉट उभे राहिले याकडेच होते. वीज नेमकी कधी येणार, हा प्रश्न मागे पडला.

वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. सेकंदाला ८ मीटरचा अंदाज असताना वारा ७.२ मीटरने वाहिला, तर वेगात १० टक्के घट होते, पण ऊर्जा २७ टक्क्यांनी कमी भरते.

कोकणात ही चूक सहज होते. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारा सलग वाहतो; इतर महिन्यांत दुपारी खारे वारे आणि रात्री-पहाटे मतलई वारे. खारा वारा उठण्याची वेळ तासभर हुकली की वेळापत्रकातले दुपारचे पाव-पाव तासाचे चार कालखंड चुकतात. शिवाय १२ किलोमीटरच्या जाळीवर चालणाऱ्या हवामान प्रारूपाच्या एकाच चौकटीत समुद्र, खाडी आणि कातळसडा (जांभ्याचे उघडे पठार) एकत्र येतात. सड्याच्या कड्यावर वारा चढताना वेग घेतो, खाडीच्या आडोशाला तो पडतो. प्रारूपाला दिसते ती फक्त सरासरी. चक्रीवादळात उलटी अडचण येते. वारा सेकंदाला साधारण २५ मीटरच्या पुढे गेला की चक्क्या स्वतःहून थांबतात आणि भरात असलेली वीज काही मिनिटांत शून्यावर येते.

महाराष्ट्राच्या २०१८ च्या नियमांत दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ कालखंड धरले आहेत. प्रत्येकाचे वेळापत्रक आगाऊ द्यायचे असते. ते दिवसातून १६ वेळा सुधारता येते आणि सुधारणा चौथ्या कालखंडापासून लागू होते. २०१८ च्या मूळ नियमांत उपलब्ध क्षमतेच्या १५ टक्क्यांपर्यंतची चूक माफ होती, त्यापुढे २५ टक्क्यांपर्यंत युनिटमागे ५० पैसे आकार पडत असे. ५० मेगावॉट क्षमतेच्या प्रकल्पाने ३० मेगावॉट कळवले आणि १८ आले, तर चूक २४ टक्के. माफीबाहेरचे साडेचार मेगावॉट म्हणजे त्या पाव तासात १,१२५ युनिट, आणि आकार सुमारे ५६२ रुपये.

केवळ दंड वाढवून अंदाज सुधारत नाही. आधी मोजमाप सुधारावे लागते. चक्कीच्या माथ्यावरचा वेगमापक पात्यांच्या मागे असल्याने ढवळलेला वारा मोजतो. किनाऱ्यावर खाऱ्या हवेने वाटीमापकाचे (फिरत्या वाट्यांच्या वेगमापकाचे) बेअरिंग जड होते व तो वेग कमी दाखवतो, हे महिनोन्महिने लक्षात येत नाही. म्हणून चक्कीच्या आसाच्या उंचीवरचे स्वतंत्र मनोरे, त्यांची ठरलेल्या मुदतीत तपासणी, आणि त्यांच्या नोंदी हवामान खाते व राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेला तत्काळ देण्याची सक्ती राष्ट्रीय धोरणात हवी. अंदाजही एका आकड्याऐवजी किमान-कमाल पट्ट्यात मागावा, म्हणजे विजेची मागणी व पुरवठा यांचा तोल राखणाऱ्या भारप्रेषण केंद्राला राखीव वीज किती ठेवायची ते ठरवता येईल.

या राखीव विजेसाठी कोयना जवळ आहे. तिचे पाणी पोफळीच्या बाजूने पश्चिमेला उतरते. पण पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वार्षिक ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा आहे. अंदाज चुकला म्हणून कोयनेचे संच चालवले, तर ते पाणी पुढच्या उन्हाळ्याच्या मागणीसाठी राखलेल्या पाण्यातून वजा होते. त्यामुळे पवन अंदाज आणि कोयनेचे पाणीवाटप यांचे नियोजन एकाच टेबलावर व्हायला हवे.